लिंबाच्या फाट्यावरची काटी

आधीच सांगतो — असले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक. सरकारी मोजणी खात्यात आहे, अठरा वर्षं लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजतोय. 'साहेब, ह्या बांधावर कायतरी हाय' असं ज्यानं ज्यानं सांगितलं, त्याचा त्या बांधावर डोळा असायचा. तेव्हा भुताखेतांचं मला कौतुक नाही. माणसं पुरेशी आहेत.

पण हे जे लिहितोय ते माझ्या मोजणीत बसत नाही. माझं नाव देत नाहीये... का ते पुढे कळेलच.

आम्ही नांदेडचे पाच-सहा जण ग्रॅव्हल बाइक चालवतो. म्हणजे रुंद टायरची, कच्च्या रस्त्यावर पळणारी सायकल. रविवारी उजाडताच निघायचं, आसना नदीच्या काठानं, मग कॅनॉलच्या मुरमाच्या रस्त्यानं, केळीच्या बागांमधून अर्धापूरला. तिथे चहा-भजी, आणि जो शेवटी पोचेल त्याची आठवडाभर खेचायची. हे वेड लावलं मिलिंदनं. तो एका कॉलेजात लॅब असिस्टंट, अर्धापूरकडच्याच एका खेड्यातला. सगळ्यांत साधी सायकल त्याची आणि सगळ्यांच्या पुढे तोच. लिंबाच्या फाट्यापासून अर्धापूरपर्यंतचा सायकलिंगच्या अ‍ॅपवरचा रेकॉर्ड त्याच्या नावावर. तो मोडायला मी दोन वर्षं जीव काढला. जमलं नाही.

आता काटीचं सांगतो. गावाकडे वाट बंद आहे हे कळावं म्हणून बाभळीची फांदी आडवी टाकतात. माझ्या नोकरीतली निम्मी भांडणं त्या फांदीवरूनच सुरू होतात. मिलिंदनं तीच रीत आमच्यात आणली. पुढच्याला रस्ता बिघडलेला दिसला, कॅनॉलचं पाणी फुटलं किंवा चिखल झाला, तर त्यानं फाट्यावर काटी टाकायची. मागच्यानं काटी बघितली की डोकं चालवायचं नाही, रोजची वाट असली तरी चाक दुसरीकडे वळवायचं. शिवाय फांदीच्या बुडाला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची, म्हणजे नंतर उचलणाऱ्याला टोचत नाही. पट्टीची कल्पना खास त्याची. आम्ही हसायचो, तर म्हणायचा, "उचलणारा बी आपलाच असतो ना."

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावरचा एक रविवार. बाकीच्यांनी दांड्या मारल्या, आम्ही दोघंच निघालो. पूल ओलांडल्यावर मिलिंदचं चाक पंक्चर झालं. तू हो पुढं, मी आलोच, म्हणाला. मी लिंबाच्या फाट्यावर पोचलो. उजवीकडे कॅनॉलचा रस्ता, चांगला कोरडा. डावीकडे नदीकाठची लांबची वाट. आणि मला वाटलं, एकदा तरी आपण आधी पोचून निवांत चहा पीत बसलोय हे त्यानं बघावं. बाभळीची एक फांदी ओढली आणि त्या चांगल्या रस्त्यावर आडवी टाकली. पट्टी-बिट्टी काही नाही. मग तिला वळसा घालून त्याच रस्त्यानं सुटलो.

गंमत केली, असं मी स्वतःला सांगत होतो. गंमत कसली? जळत होतो मी त्याच्यावर.

अर्धापुरात दोन चहा झाले. मिलिंद आला नाही. फोन वाजत राहिला. मी उलटा निघालो. फाट्यावर काटी तशीच होती. इथे जे केलं ते आजवर कुणाला सांगितलं नाही... मी आधी ती काटी उचलून नाल्यात फेकली आणि मग मिलिंदला शोधायला नदीकडे गेलो.

वाळूवाल्यांनी काठ खालून पोखरला होता. वर गवत तसंच हिरवंगार. तो सायकलसकट खाली खड्ड्यात पडला होता, डोळे उघडे. मला म्हणाला, "माझे पाय कुठं हायत रे?"

पाठीचा कणा गेला. कमरेखाली काही उरलं नाही. ग्रुपवर चर्चा झाली की नदीकाठानं कशाला तडफडायला गेला, फाजील आत्मविश्वास, दुसरं काय. मी हो ला हो केलं. एवढंच नाही, 'सगळ्यांनी नियम पाळा' असा मेसेजही टाकला. मीच टाकला. मिलिंदला जो कोणी विचारायचा त्याला तो सांगायचा, आठवत न्हाई. मला तेवढंच हवं होतं.

ग्रुप मोडला. उन्हाळ्याच्या तोंडाशी मी एकटाच परत त्या वाटेनं जायला लागलो. पहिल्याच रविवारी लिंबाच्या फाट्यावर काटी. कॅनॉलच्या कोरड्या, चांगल्या रस्त्यावर आडवी. बुडाला काळ्या ट्यूबची पट्टी, गच्च गुंडाळलेली.

कुणा शेतकऱ्यानं टाकली असेल म्हणून बाजूला केली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. फांदी ताजी तोडलेली, बूड ओलं. शेजारच्या केळीवाल्या म्हाताऱ्याला विचारलं, तर तो माझ्यावरच उखडला. "मी कशाला काटी लावू? माझा जायचा-यायचा रस्ता हाय हा." ग्रुपमधल्या एकेकाला आडून विचारलं. अपघातानंतर तिकडे कुणी फिरकलंही नव्हतं. आणि ती पट्टी गुंडाळायची खोड आमच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?

चौथ्या रविवारी ठरवलं की चोर पकडायचाच. तांबडं फुटायच्या आत जाऊन फाट्यावर बसलो. रस्ता मोकळा होता. ऊन वर आलं तरी चिटपाखरू नाही. पाण्याची बाटली काढायला सायकलकडे वाकलो, झाकण उघडून दोन घोट घेतले, वळलो... तर काटी रस्त्यात. माझ्यापासून दहा पावलांवर. धुळीत फक्त माझे बूट आणि माझी चाकं उमटलेली. जमिनीवरच्या खुणा वाचणं हे माझं निम्मं काम आहे. दुसरं काही नव्हतं तिथे.

घाबरलो, हे कबूल करतो. पण त्याहून जास्त संताप आला, कुणाचा ते सांगता येत नाही. पट्टी सोडवून खिशात घातली आणि तसाच नांदेडला मिलिंदच्या घरी गेलो. आज काय ते बोलूनच टाकायचं, असं ठरवून.

त्याची बायको, सविता वहिनी, त्याच्या पलंगाशी चिमटा घेऊन बसल्या होत्या. त्याच्या उजव्या तळहातातून काटा काढत होत्या. बाभळीचा, पांढरा, लांब. ताटलीत आधीचे दोन पडले होते. एकाला हिरवी साल चिकटलेली.

"बघा की भाऊजी," त्या म्हणाल्या, "किती महिने झाले, पलंगाखाली उतरले न्हाईत. आन् हल्ली दर रविवारी हातात काटे. गादी बदलली, चादरी झटकून झटकून थकले. कुठून येऊन राहिले कळंना."

त्या चहा ठेवायला आत गेल्या. मिलिंद छताकडे बघत होता.

मग तो हळूच म्हणाला, "तवाच्या काटीला पट्टी नव्हती. म्हटलं, घाईत असशील. पुढं लईच खराब असंल रस्ता... काटी तू लावलेली, म्हणून वळलो मी."

आठवत न्हाई, असं त्यानं सगळ्यांना का सांगितलं ते मला तेव्हा कळलं. खिशातली पट्टी मुठीत घट्ट धरून बसलो.

"आता उचलताना टोचत तर न्हाई ना तुला?" त्यानं विचारलं.

मी नाही म्हणालो. एवढंच बोललो. त्याच्या तळहातातून रक्ताचा थेंब आला होता, तो त्यानं चादरीला पुसला. वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, तुम्ही येता तेवढंच ह्यांना बरं वाटतं. मी तो चहा प्यालो. ठरवून गेलो होतो, तरी त्यांना काही सांगितलं नाही. अजूनही नाही.

ह्याचं स्पष्टीकरण कुणाकडे असेल तर लिहा, पण भास झाला असेल, तेवढं म्हणू नका. त्या दिवसापासून जमवलेल्या पट्ट्या माझ्या कपाटात आहेत, काटे वहिनींनी फेकून दिले. मी जायचं बंद केलं तर त्याच्या हातातले काटे थांबतील का, हेही करून पाहिलं. दोन रविवार घरी बसलो. दोन्ही वेळा वहिनींचा फोन आला, पुन्हा काटे आलेत म्हणून.

म्हणून आता दर रविवारी जातो. काटी असते. पट्टीला धरून उचलतो, बाजूला ठेवतो. माझ्या हाताला काही लागत नाही.