धुपाटण्याचं ड्रॉइंग आणि माझा उजवा हात

साल २०२३. माझं वय एकोणऐंशी. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखन काढत बसू नका. भूतबित, अंगात येणं... असलं काही मी कधी मानलं नाही. कोणी सांगायला लागलं तर उठून जायचो. पुण्यात जन्मभर तांब्याची भांडी घडवली, चार लोकांत मान होता. खोटं सांगून मला काय मिळायचंय?

मुलाकडे इंग्लंडला आलो होतो, तेव्हा आमची मंडळी लीड्सच्या हॉस्पिटलात होती. स्ट्रोक. डोळे उघडत नव्हती, हाक मारली तर बोटही हलत नव्हतं. डॉक्टर मुलाला म्हणाले, फार आशा धरू नका. मी तिथून हलेना, तेव्हा तिथेच वाढलेली, मोडकंतोडकं मराठी बोलणारी नात रिया मला ओढून तिच्या ऑफिसात घेऊन गेली. ती जुनी चित्रं सांभाळते.

"आजोबा, हा ड्रॉइंग इटलीची आहे. फोर हंड्रेड इयर्स जुना. टच नका करू हं!"

कॅथलिक लोक चर्चमध्ये साखळीला धरून हलवतात, त्या धुपाटण्याचं ड्रॉइंग. अर्ध्या बाजूला एक नक्षी, अर्ध्याला दुसरीच. गिऱ्हाइकाने दोन्हींतली एक पसंत करावी म्हणून म्हणे.

"कागदावर भांडी करतात होय? आम्ही थेट पत्र्याला हात घालायचो."

"हो हो, तुम्ही ग्रेट!" ती हसली.

तेवढ्यात ठोके ऐकू आले. हातोडीचे. कागदातून.

"ऐकतेस का गं?"

"हीटिंग आहे ते, आजोबा."

मला काय हीटिंग कळत नाही? आणि माझा उजवा हात उठला — मी उचलला नाही — नि टेबलाच्या कडेवर ठोकायला लागला. डाव्याने दाबून धरला, तरी थांबेना. रिया घाबरली. "तुम्हाला पण स्ट्रोक आला का?" टॅक्सी करून हॉस्पिटल गाठलं. टॅक्सीतही चालूच. मी म्हटलं, आधी हिच्याकडे, मग डॉक्टरकडे.

हिच्या खाटेच्या दांडीवर हात ठोकत राहिला... आणि पांघरुणावर हिचं मनगट वळलं. एक ठोका, जरासं वळलं. पुढचा ठोका, आणखी जरासं. लग्न झाल्यापासून आमचं काम असंच चालायचं. मी ठोकायचो, ही भांडं फिरवायची.

"आजी! आजी इज मूव्हिंग!" रिया ओरडली. नर्स धावत आली. तोवर माझा हात गळून पडला. हिचाही.

मला तपासलं, काही निघालं नाही. हिच्याबद्दल म्हणाले, असे झटके येतात कधीकधी. झटका काय ठेका धरतो? पण मग ते काय होतं, हे मलाही आजतागायत सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने गेलो. स्वतःच्या हाताने दांडीवर ठोकलं, त्याच ठेक्यात. मनगट हललं नाही. "फिरव की गं," म्हटलं. नर्सने खांद्यावर हात ठेवला — "सर, प्लीज."

मी ठोकत राहिलो.