ताईच्या गावची छोटी अणुभट्टी

कोकणातल्या छोट्या अणुभट्टीची सुरक्षा तपासायला कोण जाणार, असं पुण्याच्या ऑफिसात साहेबांनी विचारलं. गावाचं नाव ऐकताच मी हात वर केला. माझी ताई तिथेच दिलेली आहे, आणि तिची नारळाची वाडी भट्टीच्या कुंपणाला लागून. "राहावं की निघावं, तू बघून सांग," असं ती कधीची म्हणत होती.

हडपसरहून उजाडताच निघा, नाहीतर वारजे येईपर्यंतच अर्धा जीव जातो. पुढे ताम्हिणी घाट. रस्ता सुरेख, हॉटेलं नुसतीच महाग. माणगावपर्यंत कळ काढा, तिथली थाळी पोटभर असते.

भट्टी कारखान्यात तयार होऊन ट्रेलरवर आलेली. धूर नाही, माणसं थोडी, गावातले दिवे जाणार नाहीत. कागदावर मला सगळं पटलं होतं. जागेवर उंच कुंपण, कॅमेरे, कार्डाशिवाय न उघडणारं गेट. फक्त इंधन यायचं होतं.

ताई घावण्यांचा डबा घेऊन सोबत आली. तिला पाहताच रखवालदाराने स्वतःचं कार्ड लावून गेट उघडलं.

"अहो, माझं ओळखपत्र तरी बघा!"

"वहिनींच्या भावाला काय विचारायचं? घरचेच की तुम्ही."

मागोमाग मासळीवालीही टोपली घेऊन आत शिरली. ओळखीच्याला दारात अडवणं म्हणजे तिथे अपमान. पुण्यात सख्ख्या मामालाही "काय काम आहे?" विचारतात, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं कौतुक वाटलं. उद्या ओळखीचा माणूस सोबत कोणाला आणेल, हा प्रश्न मी वहीत टिपून घेतला.

"मग, राहू ना रे?" जेवताना ताईने विचारलं.

"राहा. मी अहवाल देतो, सुधारतील."

पुण्यात येऊन सगळं लिहिलं. रखवालदार वाढवा, त्यांना शिकवा, असंही लिहिलं. सुधारणा तत्परतेने झाली. माणसं चुकतात म्हणून माणसंच काढली. गेट आता पुण्यात, आमच्या ऑफिसच्या मजल्यावरच्या पडद्यावरून चालतं. मी भांडलो. "फार विचार करता तुम्ही," साहेब म्हणाले. सहलीचे फोटो छान आलेत, पण इथे ब्लॉगवर टाकायची इच्छा मेली.

इंधन पोचलं आणि ताईचा फोन आला. "अरे, गेटवर कुणीच नाही. हाका मारतेय, कुणी ओ देत नाही. तुम्ही बघताय ना तिकडून?"

फोन कानाला धरूनच मी पडद्याच्या खोलीत गेलो. अनेक गावांची गेटं दिसत होती. एका चौकटीत ताई डबा घेऊन उभी होती, कॅमेऱ्याकडे पाठ करून. खोलीतल्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

"बघतोय, ताई," मी म्हणालो.