जाळीवरचं जनावर

तानुबाईचं डोकं पहिल्या दिवशीच फिरलं. जतच्या माळावर चाळीस वर्षं मेंढरं राखलेली ही बाई नवरा गेल्यावर सांगलीत लेकाकडे, इंद्रजितकडे राहायला आली, आणि बघते तर नातीच्या गिनीपिगला लोखंडी जाळीवर ठेवलेलं! लेंड्या खाली पडतात, साफ करायला सोपं, असं लेकाचं म्हणणं.

"आरं, जाळीवर जनावर ठेवत्यात व्हय? पाय अडकंल त्याचा."

"आई, तुला यातलं काय कळतंय? आणि शेजाऱ्यांसमोर मेंढरांचं काढत जाऊ नकोस."

मेंढीच्या दुधावर वाढलेलं पोर हे. आता बोला!

शेवटी व्हायचं तेच झालं. शनिवारी दुपारी पाय जाळीत अडकला आणि नख मुळाशी फाटलं. नात प्रांजल रडायला लागली. इंद्रजित मोबाईलवर दवाखाना शोधत बसला. तो सोमवारी उघडणार होता. तानुबाईनं कुणालाच विचारलं नाही. तो थरथरता जीव पदरात गुंडाळून मांडीवर घेतला आणि स्वच्छ फडकं नखावर दाबून धरलं. रक्त थांबेना तेव्हा नातीकडून चिमूटभर कॉर्नफ्लॉवर मागवून वर दाबलं. लोंबतं टोक मात्र ओढलं नाही. जाळी काढून बाहेर फेकली आणि आपलं धुतलेलं जुनं लुगडं घडी घालून अंथरलं. दोन दिवस कोमट मिठाच्या पाण्यानं पाय धुतला, सूज चढली का ते बघितलं, कोथिंबिरीच्या काड्या हातानं भरवल्या.

सोमवारी डॉक्टरांनी पाय नीट तपासला. "पाय वाचला. जखम अगदी स्वच्छ ठेवलीय. कुणी केलं हे?"

"मीच. नेटवर बघून," इंद्रजित म्हणाला.

तानुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवसांत या पठ्ठ्यानं त्या पायाकडे ढुंकून बघितलं नव्हतं.

"डॉक्टर, खोटं बोलतोय त्यो. म्या केलंय. मेंढरांची खुरं कापण्यात जलम गेलाय माजा."

बाकावरची माणसं वळून बघू लागली. इंद्रजितनं तिचा दंड धरला. "आई, हळू बोल."

"का म्हून हळू? मेंढरामागं चालताना माळावर जल्मलायस तू. तवा न्हवता डाक्टर, न्हवतं तुजं नेट. तुजी नाळ बी म्याच कापलीया, ह्याच हातानं!"