सूतभर मिस्त्रींचा खेळ

आमचे हे दारं-खिडक्या करणारे सुतार. चौकटीत दार बसवलं की सूतभरही फट राहता कामा नये, हा त्यांचा हट्ट. म्हणून सगळे त्यांना सूतभर मिस्त्री म्हणतात. दारं सुरेख करतात, पण बोलण्याच्या नावानं शून्य. मी चहात साखर घालायला विसरले तरी हा माणूस निमूट पिऊन उठतो, आणि मला ते कळतं स्वतःचा कप तोंडाला लावल्यावर.

गेल्या महिन्यात लेक नवऱ्याचं घर सोडून कायमची आली. सोबत लहानगी नात. यांनी गाडीतून बॅगा उतरवल्या, पलंगाचा डुगडुगणारा पाय नीट केला आणि गेले परसात. एक शब्द नाही! "बरं केलंस" नाही, की "का आलीस" नाही. जेवायलासुद्धा ताट घेऊन मागच्या पायरीवर बसायला लागले.

लेकीनं त्यातून काढायचा तोच अर्थ काढला. "बाबांना मी इथं नकोय, आई," म्हणाली आणि भाड्याची खोली शोधायला लागली. मी परोपरीनं समजावलं, पण खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. लग्न यांनीच ठरवलेलं, ते मोडलं म्हणून घुश्शात असणार. पोर अशी गेली, तर पुन्हा या घरात पाऊल टाकायची नाही, हे मी ओळखून होते.

आणि हे काय करत होते? खेळणं! नातीनं त्यांना मोबाईलवर एक खेळ दाखवला होता. उतरती फळी, तिला वरच्या अंगाला गोल भोक, आणि लांबून नेम धरून दाण्यांच्या पिशव्या त्यात टाकायच्या. झालं, परसात प्लाय येऊन पडला. एका खेळण्यासाठी किती ते रंधा मारणं, किती ते घासणं! पिशव्या शिवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात. जुन्या पडद्याच्या पिशव्या शिवल्या, मक्याचे दाणे भरले, तर हे पट्टी लावून मोजायला बसले. एक जरा फुगीर निघाली, ती उसवायला लावली. मी म्हटलं, "अहो, फेकायच्याच आहेत ना?" तर यांनी पट्टी पुढच्या पिशवीला लावली.

रविवारी सकाळी खेळ तयार झाला. नातीनं पिशवी फेकली. ती फळीवर पडली, सरकत भोकापर्यंत गेली आणि तिथंच तोंडावर बसून राहिली. पुन्हा फेकली, पुन्हा तेच. मग मी बाह्या सारून पुढे झाले, तर माझीही एक आत जाईना. नातीचा खालचा ओठ बाहेर आला. हे उठले, पिशवी बरोब्बर भोकावर धरली आणि अंगठ्यानं दाबली, तेव्हा कुठे ती आत गेली.

"बसते की," म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. या माणसानं भोक पिशवीच्या मापाचं पाडलं होतं, चौकटीत दार बसवावं तसं!

मागून हसण्याचा आवाज आला. लेक दारात उभी होती. आल्यापासून पहिल्यांदा हसत होती. "बाबा, खेळ आहे तो, कपाट नाही. जरा जागा ठेवायची ना!"

मला वाटलं, आता हे चिडणार. स्वतःच्या कामाला कुणी नाव ठेवलेलं यांना मुळीच खपत नाही. पण हे फळीपाशी खाली बसले, कानस घेतली आणि भोकाची कड घासू लागले. मान वर न करता म्हणाले, "माझंच माप चुकलं. तुझ्या लग्नातही माझंच चुकलं. पुरती चौकशी न करता मी हो म्हटलं, आणि भोगलंस तू."

लेक पायरी उतरून त्यांच्याजवळ जाऊन बसली. तिचे डोळे भरून आले होते. "मग इतके दिवस बोलला का नाहीत, बाबा? मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलात."

"तुझ्यावर?" यांचा हात थांबला. "अगं, तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती मला. म्हणून तर इथं मागं ठोकत बसलो होतो."