थोरल्या जावयाची यू-पिन

सासुरवाडीला, नेवाशात, जुन्या कॉम्प्युटरच्या सीडी ड्राइव्हचं बटण बिघडल्यापासून माझी फार चलती होती. सासूबाई त्या ट्रेला खण म्हणतात. सासऱ्यांच्या निवृत्ती समारंभाची सीडी लावायची झाली की त्या हाक मारत, "जावईबापू, खण उघडा!" मी पाकिटातली सरळ केलेली यू-पिन काढून ड्राइव्हच्या बारीक भोकात खुपसायचो. खण बाहेर यायचा. जावईबापू म्हणजे मी. साडू ते 'धाकटे जावईबापू'.

दिवाळीत साडू पुण्याहून आला. कॉम्प्युटरला हुकूम सोडायचा काळा पडदा उघडून त्यानं एक लांबलचक ओळ टाइप केली, एंटर मारलं, आणि खण आपोआप सरकत बाहेर!

"अगं बाई, हात न लावता!" सासूबाई म्हणाल्या. माझ्या पोटात जे दुखलं ते फराळानं नव्हतं.

ती ओळ मी इंटरनेटवर शोधून पाठ केली. सावेडीतल्या आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर महिनाभर सराव केला. बायको म्हणाली, "अहो, त्याला काही भरवणार आहात, की नुसतं 'आ' करायला लावताय?"

पुढच्या खेपेला नेवाशात पाहुणे बसले होते. मी बाह्या सारून ओळ टाइप केली. एंटर. काहीच नाही. पुन्हा एंटर. खण ढिम्म.

"राहू द्या," सासूबाई मायेनं म्हणाल्या, "जावईबापूंना फोन लावते."

जावईबापूंना! 'धाकटे' गळलं होतं. मग मी कोण?

फोन माझ्या हातात आला, मी ओळ वाचून दाखवली. साडू म्हणाला, "दादा, ओळ बरोबर आहे. तुमच्याकडं ड्राइव्हचं अक्षर डी असेल, तिथं ई आहे. ई टाका." ई टाकलं. खण आला.

"बघा," सासूबाई पाहुण्यांना म्हणाल्या, "जावईबापूंनी पुण्यात बसून उघडला!"

बोट माझं होतं हो!

तेवढ्यात साडू म्हणाला, "पण दादा, यू-पिन जपून ठेवा. लाइट गेल्यावर ही ओळ काय कामाची? तेव्हा तुम्हीच लागणार." मेला वर चांगलाही आहे, रागसुद्धा धड धरता येत नाही.

हे सासूबाईंच्या कानावर पडायलाच हवं होतं. मी घाईघाईनं स्पीकर चालू केला. "काय म्हणालात? जरा मोठ्यानं म्हणा."

पण तोवर त्यांनी सीडी ठेवून खण बोटानं आत ढकलला होता, आणि पडद्यावर सासरे हार घालून उभे राहिले होते. "श्शू!" सासूबाई म्हणाल्या, "थोरले, तो फोन बंद करा बरं."