मामानं भिंतीवरचा कागद वाचला त्याची गोष्ट

आता काय सांगू तुम्हाला, माझ्या अकलेचा कसा बाजार उठला ते! आईची शपथ, सोळा आणे खरंय. बरं, चौदा आणे धरा. आई ऐकून राह्यली असंल तर बारा. अट एकच, हसलात तर चहा तुमच्याकडं.

माझा मामा जुन्या जालन्यात शिंपी. हात सोन्याचा, पण सांजच्याला नशेला शिंदीचा लोटा पाहिजेच. वरून साखरेचा आजार. मंग काय? एका पाटलाच्या पायजम्याचे दोन्ही पाय मामानं एकमेकाला शिवून टाकले. पाटील दुकानापर्यंत उड्या मारत आल्ता भांडायला!

मामीनं मामाला ओढतच दवाखान्यात नेलं. मी गेल्तो मागून, गंमत बघायला.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "शिंदी बिलकुल बंद. साखरेनं डोळ्याचा पडदा आधीच खराब होतो, त्यात तुमचं हे पिणं! सुई तर सोडा, उद्या मशीन दिसणार नाही."

"मला सगळं बराबर दिसतं साहेब!"

"असं? मग शुक्रवारी या. भिंतीवरचा तो अक्षरांचा कागद खालपर्यंत वाचून दाखवा, मी शिंदीचं नावसुद्धा काढणार नाही. उर्दू वाचता येतं ना?"

"म्हंजे काय! साहेब लोकांच्या शेरवान्या कोण शिवतं?"

आमच्याकडं शाळा-दवाखान्यात सगळं उर्दूच, अन् मामाला उर्दूतला पहिला अलिफसुद्धा येत न्हवता.

बाहेर आल्यावर त्यानं मला कोपऱ्यात घेतलं. "भाच्या, तू शाळेत उर्दू शिकतो ना? तेवढा कागद माझ्याकडून पाठ करून घे. नवा सदरा शिवतो तुला."

"बाह्या किती लावशील?" मी विचारलं.

गेलो परत आत. भिंतीला नाक लावून सगळा कागद वहीत लिहून आणला. मंग चार दिवस मामा मशीनवर पाय मारत घोकून राह्यला, "अलिफ, मीम, जीम, सीन..." गिऱ्हाइकांना वाटलं, म्हाताऱ्यानं शाळेत नाव घातलं.

शुक्रवारी साहेबांनी मामाला स्टुलावर बसवलं. मी अन् मामी दाराजवळच्या बाकड्यावर. ठरलं असं की ओळ संपली का मी खोकायचं.

"समोर भिंतीवर बघा. वाचा."

मामानं छाती काढली. "अलिफ! मीम! जीम!" मी खोकलो. "सीन! लाम!" मी खोकलो. पार खालची मुंगीएवढी अक्षरं सुद्धा धडाधडा! वर म्हणतो कसा, "साहेब, खाली छापखान्याचं नाव हाय, ते पण वाचू का?"

साहेब उठून भिंतीपाशी गेले. मंग हळूच म्हणाले, "त्या कागदाला वाळवी लागली होती. परवाच काढला."

धुरानं काळ्या झालेल्या भिंतीवर कागदाएवढा पांढरा डाग तेवढा उरला होता.

"मंग... मी काय वाचलं?"

"भिंत."

मामा उठून भिंत चाचपायला लागला. "साहेब, देवाशपथ, मला वाटलं कागद हाय तिथं!" मामीनं तोंडाला पदर लावला. हसायसाठी का रडायसाठी, ते काय कळलं न्हाई.

आता मी गप बसावं का न्हाई? पण शहाणा ना मी! उठलो अन् म्हणलो, "साहेब, उगं कशाला घाबरवता त्याला? एवढा ढळढळीत कागद लटकून राह्यला, मला इथून दिसतोय ना!"

सगळे माझ्याकडं वळले.

साहेब दोन पावलं पुढं आले. "बोटं किती?"

"आधी हात तर वर करा."

"वरच आहे!"

त्या दिवसापासून मामानं शिंदी सोडली ती सोडलीच. एवढा घाबरला होता गडी! आज पहिल्याच झटक्यात सुईत दोरा ओवतो. अन् मला आला चष्मा, बाटलीच्या बुडाएवढा जाड. मामी येणाऱ्या जाणाऱ्याला सांगती, "हे पिऊन वाचले अन् भाचा न पिताच गेला!"

सदरा शिवला बरं का मामानं. बराबर दोन बाह्यांचा. हा काय, अंगात हाय. उलटा? मघापासून उलटा घातलाय, अन् तुम्ही आत्ता सांगून राह्यले?

हसलात ना? काढा चहाचे पैसे. अन् माझ्या हातावरच ठेवा, आज चष्मा घरी राह्यलाय.