मळ्यातली बाळंतीण

आमच्या गावची सुईणकाकी रानबदकिणीला बाळंतीण म्हणायची, आणि तेही अगदी गंभीरपणे. श्रावणात तिच्या मळ्याच्या कडेला, तळ्यालगतच्या गवतात हळदी-कुंकू बदकाची मादी अंड्यांवर बसली, की काकी तेवढ्या कोपऱ्यातलं गवत बेणायची नाही. बांधावर आडवी काठी टाकायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दटावायची, "पुढे जाव नको रे झिला, बाळंतीण आसा!"

साठ साल उजाडायचं होतं. मसुऱ्यापलीकडच्या त्या गावात मी नवा मास्तर, आणि पक्ष्यांचा मला भारी नाद. म्हणून काठीपलीकडे जायची मुभा गावात एकट्या मला. बदकीण चरायला उठताना अंडी मऊ पिसांनी झाकते, हे काकीनेच मला दाखवलं. "आमी जुनी लुगडी अंथरतो, ही आंगावरची पिसां उपटून अंथरता. आवस ती!" आवस, म्हणजे आई. नर कुठे दिसेना, तसं मी विचारलं. काकी फिस्सकन हसली. "बाळंतपणात घोव कधी जाग्यार आसता काय रे?"

त्या वर्षी माझ्या बायकोचं पहिलं बाळंतपण होतं. तिला आई नव्हती, म्हणून काकी आमच्याकडेच राहायला आली. मळ्यात तेव्हा नऊ अंडी होती. काकी म्हणाली, "तुझ्या बायलेक मी बघतंय, माझ्या बाळंतिणीक तू बघ."

मी काय बघितलं? मुंबईच्या एका पक्षीतज्ज्ञ साहेबांचं पत्र माझ्या खिशात होतं. या बदकाची अंडी पाठवलीत, तर संग्रहातल्या चिठ्ठीवर तुमचं नाव लावू, असं त्यांनी लिहिलं होतं. त्या चिठ्ठीपायी माझी अक्कल शेण खायला गेली. बदकीण चरायला गेल्याचं पाहून मी नऊच्या नऊ अंडी उचलली. सुईने भोक पाडून रिकामी करायला बसलो, तर पहिल्याच अंड्यात जीव धरलेला. तरी थांबलो नाही. काकीने बाळंतपणासाठी आणलेल्या कापसातलाच कापूस काढून टरफलं डब्यात भरली. आज हे लिहितानाही लाजेने कान तापतात.

दोन दिवसांनी मुलगी झाली. हात पुसत बाहेर येताच काकीने विचारलं, "थंय झाली काय रे पिल्लां?"

"नऊच्या नऊ," मी म्हणालो. "आईमागून पाण्यात गेली."

"बरा झाला रे झिला! हंय चेडू, थंय नव पिल्लां!" बाळ बघायला येणाऱ्या प्रत्येकीला ती हे सांगत सुटली. मी मान डोलवत होतो.

बारसं झालं आणि काकी राहिलेला कोपरा बेणायला मळ्यात गेली. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी न्हाऊ घालायला आली. बाळाला पायांवर घेऊन पाणी घालता घालता, वर न बघता तिने विचारलं, "पिल्लां उतरली, तर टरफलां खंय गेली, मास्तरानू?"

तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर सुटलो असतो. पण महिनाभर माझ्या मुलीला तितक्याच मायेने न्हाऊ घालत राहिली. मला मात्र पुन्हा कधी लेकासारखं 'झिला' म्हणाली नाही, आणि पुढच्या श्रावणात बांधावरची काठी मलाही लागू झाली.

दोन वर्षांनी माझी दोडामार्गला बदली झाली. निघायच्या दिवशी काकी आली. मुलीच्या गालाला काजळाची तीट लावली, तिचे पटापट मुके घेतले, मग तिला माझ्या हातांत दिलं. देताना क्षणभर तिचा हात सोडला नाही.

"ह्या तरी नीट सांभाळा, मास्तरानू."